डोळ्यातला पांढरा

भिलाई
३ जानेवारी १९९९

वसू,

तुला, अरुणकुमारांना आणि ज्याचं नाव अजून ठरायचं आहे त्या पाहुण्याला आशीर्वाद.

कॉम्प्युटर आला. किंमत काय, ती दुकानदारही सांगेल. खरोखर काय गेलं ते मी सांगतो. पहिली गेली डार्करूम. खिडकीवरचं काळं कापड एकतीस वर्षांनी काढलं तर मागे खिडकीच नाही, कधीतरी मीच विटा लावून बुजवली होती आणि विसरलो होतो. ती फोडली. फोटो मोठे करायचा एन्लार्जर भंगारवाला घेऊन गेला, उचलताना म्हणाला, बाबूजी, इसमें लोहा कम है. तांबडा बल्ब तुझ्या आईने देवघरात लावला. आणि माझ्या बोटांना फोटो धुवायच्या हायपोचा वास असायचा, तो आठ दिवसांत गेला. परवा जेवायला वाढताना तुझी आई म्हणाली, तुमच्या हाताले वास नाई येत आता, दुसऱ्याच कोन्या मानसाले वाढून राहिली असं वाटते. एवढं सगळं देऊन घरी आला तो एक टीव्ही, ज्यात सिनेमा लागत नाही.

घेतला नसता, पण समोरच्या स्टुडिओवाल्याने दिवाळीत घेतला आणि 'जुने फोटो नवे करून मिळतील' अशी पाटी लावली. माझी गिऱ्हाइकं माझ्याच बाकावर बसून त्याच्या पाटीचं बोलतात. माझे कान तुला माहीत आहेत.

तू त्या छापखान्यात चार वर्षं हेच काम केलंस. आता डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलं आहे, तर पडल्या पडल्या बापाला शिकव. फोटोचा रंग बरोबर कसा करायचा, पहिल्या यत्तेपासून सांग. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. पांढरं काय आणि पिवळं काय हे मला यंत्राने शिकवायची गरज नाही. आर्वीहून आलो तेव्हा पोलाद कारखान्याच्या गेटसमोर झाडाला चादर टांगून गेटपासचे फोटो काढत होतो, तेव्हापासून ही नजर कमावली आहे. कॅमेऱ्याच्या काचेतून माणूस बघितला की मला कळतं, याला काल ताप होता, हा बायकोशी भांडून आला, हिला दिवस गेले आहेत आणि घरी अजून सांगितलं नाही. तुझ्या रत्नमाला मावशीचं मला आधी कळलं होतं, डॉक्टरला मागाहून. मला फक्त बटणं शिकव, नजर माझी आहे.

तुझ्या आईचं पुण्याला यायचं पक्कं. पंधरा मार्चचं आझाद हिंदचं तिकीट काढलं. डिंक आणला, खारका फोडल्या. मात्र तळणाचा वास तिला आजकाल सहन होत नाही, जेवतेही चिमणीएवढं. मी म्हटलं, दिवस लेकीला आणि मळमळ तुला, हा कुठला न्याय. हसली.

तुझा,
बाबा

*

पुणे
१० जानेवारी

बाबा,

नमस्कार. पडूनच करते आहे, कारण पलंगाचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवलेत आणि मी दिवसभर उतारावर ठेवलेल्या पिंपासारखी आहे. जिना उतरायची बंदी, आणि फोन खाली घरमालकांकडे. त्यामुळे तुम्ही फोनवर अरुणना जे 'सब ठीक' सांगता, तेच मला वर येऊन मिळतं. तुमचं 'सब ठीक' मला पाठ आहे. माझा हात मोडला होता तेव्हाही मावशीला तुम्ही तेच कळवलं होतंत.

आता पहिला धडा. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: तांबडा, हिरवा, निळा. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. तिन्ही आकडे सारखे असले की तो ठिपका बिनरंगी, म्हणजे राखाडी, पांढरा किंवा काळा. आम्ही त्याला न्यूट्रल म्हणतो. फोटोत अशी एखादी जागा शोधायची, जिला प्रत्यक्षात रंग नव्हता. तिच्यावर ते ड्रॉपरचं चित्र टेकवलं की कॉम्प्युटर तिचे तिन्ही आकडे सारखे करतो आणि त्याच मापाने सगळा फोटो हलवतो. म्हणून जागा चुकली की सगळंच चुकतं. नजरेवर जाऊ नका. नजर पाच मिनिटांत कुठल्याही रंगाला सरावते आणि त्यालाच पांढरं म्हणू लागते.

अभ्यासासाठी आईचा फोटो घ्या. संक्रांतीला काळी साडी नेसेल, तेव्हा भर उजेडात काढा, स्कॅन करा, रंग बसवा आणि मला पाठवा. तुमचा धडा होईल आणि मला ती दिसेल. मळमळीचं वाचून बरं वाटलं नाही. डॉक्टरला दाखवलंत का? इथे सासूबाई नाहीत, अरुणच्या पाळ्या बदलत असतात, बाळंतपणाला आईखेरीज मला कोणी नाही हे तुम्हाला माहीत आहे. तिला प्रवास झेपेल ना, एवढंच मला बघायचं आहे.

वसू

*

भिलाई
१९ जानेवारी

वसू,

न्यूट्रल म्हटल्यावर मला आधी स्कूटर आठवली, पण समजलं. गाडी उभी कुठे आहे ते कळल्याशिवाय गिअर टाकू नये, असंच ना.

संक्रांतीला सकाळी आवारात तिला उभी केली. काळी साडी, हातात चांदीची वाटी, वाटीत काटेरी हलवा, मागे दिवाळीत चुना मारलेली भिंत. पांढरी म्हणून भिंतच धरली आणि ड्रॉपर टेकवला. फोटो शेवाळासारखा हिरवा. तीनदा केलं, तीनदा हिरवा. तुझी आई चहा घेऊन आली, पडद्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "हे कोन व्हय? चार दिवस पान्यात पडून होती का?"

बाकावर एक गिऱ्हाईक होतं, तेही हसलं. माझ्या दुकानात माझ्यावर कोणी हसलं नव्हतं. तो हिरवा फोटो सोबत पाठवतो, बघ आणि काय चुकलं सांग.

डॉक्टरला दाखवलं. त्याने गॅसच्या गोळ्या दिल्या. या वयात पित्त होतंच म्हणाला. तळवे खाजतात म्हणते, मी साबण बदलून आणला. तू काळजी करू नकोस, पंधरा मार्चला मी स्वतः दुर्गला जाऊन तिला गाडीत बसवतो.

बाबा

*

पुणे
२७ जानेवारी

बाबा,

हिरवी आई मिळाली. डॉक्टरांनी हसायलाही जपून सांगितलं आहे, तेव्हा जरा बेतानेच फोटो पाठवत जा.

चूक तुमची नाही, भिलाईची आहे. आपल्याकडे बाहेर वाळत घातलेलं काही पांढरं राहतं का? चुना मारला की महिन्याभरात त्यावर कारखान्याची तांबूस धूळ चढते. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला ती भिंत पांढरी वाटते. मी पुण्याला पहिल्यांदा आले तेव्हा हॉस्टेलच्या चादरी बघून मला वाटलं होतं यांना नीळ जास्त झाली आहे. तुम्ही कॉम्प्युटरला सांगितलंत की ही भिंत बिनरंगी आहे, त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला, तिच्यातला तांबडा काढला आणि आईच्या चेहऱ्यातलाही काढला.

आता असं करा. पोर्ट्रेटमध्ये बाकी कशाचा भरवसा नसला तर आम्ही डोळ्यातला पांढरा भाग धरतो. फोटो मोठा करा, बुबुळाच्या बाजूला, शिरा नसलेली जागा बघा आणि तिथे टेकवा. डोळ्यावर धूळ बसत नाही. आमच्या छापखान्यात लग्नाच्या शेकडो फोटोंना हीच युक्ती लागू पडली आहे.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवता का? तळवे खाजायचं कारण साबण असेल असं मला वाटत नाही.

वसू

*

भिलाई
५ फेब्रुवारी

वसू,

जमलं. सोबतचा फोटो बघ आणि मग पुढे वाच.

तू सांगितलंस तसं केलं. तुझ्या आईचा डोळा बशीएवढा मोठा केला, पांढऱ्यावर ड्रॉपर टेकवला आणि क्षणात तिच्या चेहऱ्यावरून कोणी ओला फडका फिरवावा तसा रंग उजळला. गाल गुलाबी. लग्नात होती तशी. मी तिला आतून हात धरून आणली, बस म्हटलं खुर्चीत, बघ. तिने पदराने पडदा पुसला.

मोठी प्रत काढून काचेच्या कपाटात लावली आहे. समोरचा स्टुडिओवाला पान खायच्या निमित्ताने दोनदा बघून गेला. एका बाईने विचारलं, ह्या तुमच्या धाकट्या बहीण का. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, त्या बाईले चष्मा लागला असन. पण दिवसभर खुशीत होती. तुझी बटणं आणि माझी नजर, दोन्ही मिळून काय होतं ते समोरच्याला कळू दे.

आता खाली तुझी आई सांगते ते जसंच्या तसं लिहितो.

"वसू, तुये बाबा म्हनते फोटो मस्त आला. मले त वाटते थे मी नाईच. मी पुन्याले येतो म्हंजे येतो, तू रडू नको. लाडू बांधले. तुले बदाम आवडत नाई म्हून बारीक कुटून टाकले, दिसनार नाई. बांगड्या ढिल्या झाल्या मायावाल्या, लोकं म्हनते बरं झालं, बारीक झाली. मले काई नाई झालं. भूक लागत नाई तं लागत नाई. तुयाकडं आलो का तुयासंगं जेवीन."

एवढं सांगून झोपायला गेली. दुपारी झोपायची सवय तिला कधी नव्हती, पण थंडी आहे.

बाबा

*

पुणे
१३ फेब्रुवारी

बाबा,

फोटो उशाशी ठेवला आहे. पहिले दोन दिवस मी फक्त आईकडे बघत होते. इतकी गुलाबी ती मला आठवत नाही. शेजारच्या काकूंना दाखवली, त्या म्हणाल्या, तुमच्या आईला काय झालंय, ठणठणीत तर आहेत.

तिसऱ्या दिवशी मी वाटीकडे बघितलं. हलवा निळा कसा?

चांदीची वाटीही निळी आहे. भिंत तांबूस दिसायला हवी होती, ती जांभळट दिसते. सगळा फोटो निळ्याकडे झुकला आहे, फक्त आई सोडून. हलवा साखरेचा, घरातून आणलेला, पांढराशुभ्र. तो निळा झाला याचा अर्थ ज्या जागी तुम्ही ड्रॉपर टेकवलात ती जागा बिनरंगी नव्हती.

एक काम करा. मूळ स्कॅन उघडा, काही दुरुस्ती न केलेला. ड्रॉपर आधी हलव्यावर न्या, दाबू नका, नुसते तीन आकडे वाचून लिहून घ्या. मग आईच्या डोळ्यातल्या पांढऱ्यावर न्या, ते तीन आकडे लिहा. सहाही आकडे मला कळवा.

मनात काय येतं ते लिहीत नाही. आधी आकडे कळवा.

वसू

*

भिलाई
१ मार्च

वसू,

उशीर झाला, लग्नसराई आहे. आकडे घे. हलवा २२१, २१९, २१७. डोळा २०८, २०५, १९९. आता तूच बघ, दोन्ही जवळजवळ सारखे आहेत. हलवा निळा दिसतो त्याचं कारण मला सापडलं, शेजाऱ्याने आवारात निळी ताडपत्री टांगली होती, तिचा उजेड पडला.

आईची तब्येत बरी आहे. दोन रविवार तिला कुम्हारीला घेऊन गेलो होतो, हवापालट. तिकीट मात्र थोडं पुढे ढकलावं म्हणतो, उन्हाचा अंदाज घेऊन. तू खात जा आणि पडून राहा.

बाबा

*

पुणे
७ मार्च

बाबा,

पत्रात एकही गंमत नव्हती. आकडे वाचायच्या आधी मला तेच दिसलं.

तुम्ही लिहिलेल्या आकड्यांत तांबड्याच्या आणि निळ्याच्या मध्ये फक्त नवाचा फरक आहे. नवाने हलवा इतका निळा होत नाही. अरुण तो फोटो काल छापखान्यात घेऊन गेले आणि माझ्या जुन्या टेबलावर मोजून आले. फोटो जितका निळा सरकला आहे, तितका सरकायला डोळ्यातला निळा साठ-सत्तरने कमी असायला हवा. निळा कमी म्हणजे पिवळा. आणि उन्हाळा, ताडपत्री, यांतलं काही संक्रांतीला नव्हतं. संक्रांतीला शेजाऱ्यांकडे ताडपत्री कशाला टांगतील?

आईला कावीळ आहे का?

मळमळ, खाज, भूक नाही, बांगड्या ढिल्या. सगळं तुम्हीच मला लिहून पाठवलं आहे, मी रंग शिकवत बसले. मला खरं काय ते लिहा. मला धक्का बसेल म्हणून लपवत असाल तर न कळण्याने जे होतं आहे ते त्याहून वाईट आहे. तिला लगेच नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे न्या.

वसू

*

भिलाई
१४ मार्च

वसू,

हे पत्र अरुणकुमार जवळ बसले असताना वाच. त्यांना मी नागपूरहून फोन केला होता आणि गप्प राहायला सांगितलं होतं, त्यांच्यावर रागावू नकोस.

तुझं हलव्याचं पत्र एकोणीस तारखेला मिळालं. आकडे त्याच दिवशी बघितले. हलवा मी लिहिला तोच होता. डोळा २०९, १९७, १३१. आधी वाटलं मशीन बिघडलं. दुकानात एक फोटो काढायला आलेला माणूस बसला होता, त्याचा जुना फोटो स्कॅन केला आणि त्याच्या डोळ्यावर नेऊन बघितलं. ठीक होता. मग दुकान तसंच टाकून मागे घरात गेलो. तुझी आई तांदूळ निवडत होती. तिला आवारात उन्हात आणली, खालची पापणी ओढली. हळद कालवल्यासारखा डोळा. म्हटलं, कधीपासून? म्हणाली, मले काय मालूम, मी आरशात टिकली पाह्यतो, डोये कोन पाह्यते.

मग मी जे केलं ते लिहितो. कुम्हारीला एक बाई कावीळ उतरवते, आपल्या इथल्या अर्ध्या लोकांना तिने बरं केलं म्हणतात. तिच्याकडे नेलं. ती चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावते आणि पाणी पिवळं होतं. पिवळं झालं म्हणजे रोग उतरला. पहिल्या रविवारी पिवळं झालं, दुसऱ्या रविवारी त्याहून पिवळं. तुझी आई परतताना बसमध्ये म्हणाली, पानी त पिवळं झालं, मी कावून पांढरी नाई झाली. तिथून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी तुला ते खोटे आकडे लिहिले. पंधरा दिवसांत ती बरी होईल आणि तुला कळायचंही नाही, असं माझ्या मनात होतं.

दुर्गच्या डॉक्टरने रक्त तपासलं आणि तेव्हाच नागपूरला जा म्हणून सांगितलं. रत्नमालाकडे उतरलो. सोनोग्राफी झाली. पोटाच्या मागे स्वादुपिंड म्हणून असतं, त्याच्या तोंडाशी गाठ आहे, तिने पित्ताची वाट बंद केली आहे. गाठ यकृतातही पसरली आहे. ऑपरेशन करायचं म्हणून नेलं आणि दीड तासात परत आणलं. डॉक्टर तरुण होता, बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला. उभ्याने सांगतात ते बरं असतं, बसले की कळतं. पित्ताला वाट करून दिली आहे, खाज थांबेल, बाकी काही करता येणार नाही म्हणाला. मी विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? तो म्हणाला, तेव्हा निदान विचारण्यासारखा प्रश्न होता.

तिला सगळं माहीत आहे. वॉर्डातल्या बायकांनी सांगितलं. तुझं बाळंतपण होईपर्यंत वसूला कळवायचं नाही, अशी तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. तुझ्या पत्राने ती मोडली. उद्याचं तिकीट काल रद्द केलं. तुला पाठवायचे म्हणून लाडूंचा डबा शिवून घेतला, तर ती म्हणाली कापडावर नाव मोठ्या अक्षरात लिहा, हरवते.

ती आता येणार नाही, वसू.

बाबा

*

पुणे
२१ मार्च

बाबा,

डबा मिळाला. बदाम खरंच दिसत नाहीत.

मी डॉक्टरांना विचारलं, भिलाईपर्यंत झोपून जाता येईल का. त्या म्हणाल्या, जाता येईल, पण बाळाची हमी देणार नाही. मी इथेच आहे.

मी दिवसभर एकच हिशोब करते. तुम्ही भिंत धरली होतीत. मीच डोळा धरा म्हणून सांगितलं. भिंतच धरून बसला असतात तर आई हिरवी दिसली असती, पण कोणी 'ठणठणीत तर आहेत' म्हणालं नसतं. मी युक्ती शिकवली आणि तुम्ही ती नीट वापरलीत. तुमच्या हातून पांढरं झालं ते माझ्या सांगण्यावरून.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे आणि ते खरं हवं. संक्रांतीच्या सुमाराला आईच्या डोळ्यांत हे कोणालाच दिसलं नव्हतं ना? तुमच्यासारख्या नजरेला दिसलं नाही, डॉक्टरला दिसलं नाही, मग कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं, असं मी मनाला सांगत असते. तसं असेल तर मी ते मानून राहीन. तेवढं लिहा.

वसू

*

भिलाई
५ एप्रिल

वसू,

तार मिळाली. नातीला आणि तुला आशीर्वाद. अरुणकुमारांनी वजन वगैरे फोनवर सांगितलं, दोघी सुखरूप हे ऐकलं.

तुझ्या आईला आपण घरी आणलं आहे. उठत नाही. कानाशी वाकून सांगितलं, मुलगी झाली. मला वाटलं ऐकलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "डोये कोनाचे घेतले?" मला माहीत नव्हतं. म्हटलं, फोटो मागवून घेतो, अरुणकुमार पाठवतील. तिने मानेनेच नको म्हटलं. त्यानंतर आज तिसरा दिवस, काही बोललेली नाही. चमच्याने पाणी घेते. रत्नमाला आली आहे, रात्रंदिवस तीच बघते. मी तासा-तासाला येऊन उभा राहतो आणि पुन्हा दुकानात जाऊन बसतो. कपाटातला फोटो काढून ठेवला. तो बघून बाहेर लोक बाई कशा आहेत विचारायचे, आणि बऱ्या दिसतात म्हणायचे.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दहा दिवस लागले. दोनदा लिहिलं आणि फाडलं. एकदा तर 'कोणालाच दिसलं नव्हतं' असंच लिहून पाकीट बंद केलं होतं. तू खरं मागितलंस म्हणून आता तिसऱ्यांदा लिहितो. युक्ती शिकवल्याचं ओझं तू घेऊ नकोस. तुझं ते युक्तीचं पत्र मला मिळायच्या आधीची गोष्ट आहे.

आपल्याकडे भांडी घासायला पंचफुला येते. तू गेल्यावर लागली, तू तिला बघितलेलं नाहीस. संक्रांतीच्या सकाळी मी आवारात स्टँडवर कॅमेरा बसवत होतो आणि तुझी आई वाटी धरून भिंतीशी उभी होती. पंचफुला राखेचे हात घेऊन नळापाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "बाबूजी, बाई के आँखी पिंवरा दिखत हे."

डोळे पिवळे दिसतात म्हणून तिने मला सांगितलं. मी ऐकलं. हळदीकुंकवाची हळद उडाली असेल म्हणालो, तिला बाजूला सरक म्हटलं, तिची सावली पडत होती, आणि फोटो काढला.

बाबा